झोरा नील हर्स्टन : लोकसाहित्याचे संशोधन आणि रंगमंचावरील 'प्रयोग'

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय असलेल्या आपल्याकडील वाचकांना झोरा नील हर्स्टन (१८९१-१९६०) हे नाव प्रामुख्याने 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' या १९३७ सालच्या कादंबरीमुळे ठाऊक असते. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना त्यांचा 'म्यूल्स अँड मेन' (१९३५) हा लोककथासंग्रह ठाऊक असतो. कादंबरीकार आणि संग्राहक या दोन ओळखींच्या मधे त्यांच्या आयुष्याचा एक मोठा भाग मात्र हरवून जातो. क्षेत्रकार्यातून जमवलेली सामग्री ग्रंथात बांधली जाण्यापूर्वी हर्स्टन यांनी ती रंगमंचावर आणली होती. हा नाद त्यांनी पुढे बारा-तेरा वर्षे सोडला नाही आणि त्याची किंमतही मोजली. मराठीत 'प्रयोग' हा शब्द प्रयोगशाळेत चालतो तसा नाट्यगृहातही चालतो. हर्स्टन यांच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र घ्यावे लागतात. प्रस्तुत चरित्रलेख त्याच दृष्टीने लिहिला आहे. त्यांच्या कादंबऱ्यांचा विचार येथे ओघाने येईल तेवढाच केला आहे.

त्यांचा जन्म ७ जानेवारी १८९१ रोजी अलाबामा राज्यातील नोटासुल्गा या गावी झाला. झोरा अगदी लहान असतानाच कुटुंब फ्लोरिडातील ईटनव्हिल येथे राहावयास गेले. १८८७ मध्ये स्थापन झालेले हे नगर सर्वस्वी कृष्णवर्णीयांचे होते. नगराध्यक्ष त्यांच्यातला, सभासद त्यांच्यातले, दुकानदारही त्यांच्यातलाच. वडील जॉन हर्स्टन सुतारकाम करीत, बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते आणि त्यांनी गावाचे नगराध्यक्षपदही भूषविले. गावातील जो क्लार्क यांच्या दुकानाचा ओटा म्हणजे आपल्याकडील पारच. संध्याकाळी पुरुषमंडळी तेथे जमत आणि एकापुढे एक कथा रचून सांगत. या कथांना ते लोक 'थापा' म्हणत, आणि थाप जितकी डौलदार तितका सांगणाऱ्याचा मान मोठा. निरोप पोचविण्याच्या मिषाने त्या ओट्याजवळ रेंगाळणाऱ्या मुलीच्या कानांवर जे पडले तेच पुढे तिच्या संशोधनाचे क्षेत्र झाले. एक गोष्ट येथेच नोंदवावयास हवी. या कथा तिने वाचल्या नव्हत्या, त्या तिने घडताना पाहिल्या होत्या. सांगणाऱ्याचे हातवारे, ऐकणाऱ्यांचे मधेच तोंड घालणे, कोणाला तरी टोमणा बसल्यावर उठलेला हशा, हे सर्व मिळून ती कथा होती.

१९०४ मध्ये आई लूसी वारली आणि घर मोडले. शिक्षण तुटले. नातलगांकडे राहणे, घरकामाच्या नोकऱ्या धरणे आणि सोडणे यांत कित्येक वर्षे गेली. या काळात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिका सादर करीत गावोगाव फिरणाऱ्या एका मंडळीत त्या गायिकेची मोलकरीण म्हणून सुमारे दीड वर्ष राहिल्या. रंगमंचाची पहिली ओळख झाली ती अशी, विंगेतून. १९१७ मध्ये बाल्टिमोर येथे शाळेत विनाशुल्क प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी आपले वय दहा वर्षांनी कमी सांगितले. सव्वीस वर्षांची बाई सोळा वर्षांची विद्यार्थिनी झाली आणि ते सोंग त्यांनी जन्मभर निभावले. पुढे वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ, आणि १९२५ मध्ये न्यूयॉर्क. त्याच वर्षी 'ऑपॉर्च्युनिटी' या नियतकालिकाच्या स्पर्धेत त्यांच्या 'स्पंक' या कथेला आणि 'कलर स्ट्रक' या नाटकाला दुसरी पारितोषिके मिळाली. त्या शरद ऋतूत बार्नार्ड महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथे त्या एकमेव कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होत्या.

बार्नार्डमध्ये त्यांची गाठ फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाशी पडली. मानवी समूहांमधील भेद वंशाने नव्हे तर संस्कृतीने घडतात, आणि प्रत्येक संस्कृती तिच्या स्वतःच्या निकषांवर समजून घ्यावी लागते, हे बोआस यांच्या अध्यापनाचे सार होते. त्यांच्या संशोधनासाठी हर्स्टन यांनी हार्लेमच्या रस्त्यांवर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्यांची मापे घेतली. मात्र त्यांच्या आयुष्याला वळण लावणारी सूचना वेगळीच होती. १९२७ च्या वसंतात हर्स्टन यांनी फ्लोरिडातून पाठविलेले पहिले संकलन वाचून बोआस यांनी त्यांना कळविले की, या कथांचा आशय पूर्वीच्या संग्राहकांनी बहुतांशी नोंदविला आहे. लक्ष द्यावयाचे ते उच्चारपद्धतीकडे, अंगविक्षेपांकडे, सांगण्याच्या रीतीकडे. बोआस यांना अभिप्रेत होते ते अधिक काटेकोर टिपण. पण उच्चार, अंगविक्षेप आणि रीत हाच जर अभ्यासविषय असेल तर तो छापील पानावर मावणार कसा, हा प्रश्न त्या सूचनेच्या पोटात होता. हर्स्टन रंगमंचाकडे वळल्या त्या संशोधन सोडून, असा समज काही ठिकाणी दिसतो. तो मला मान्य नाही. गुरूने घालून दिलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधीतच त्या तिकडे गेल्या.

तो पहिला दौरा मात्र फसला होता. कार्टर वुडसन यांच्या इतिहाससंस्थेची १४०० डॉलरांची शिष्यवृत्ती घेऊन त्या गेल्या आणि महाविद्यालयीन शिष्ट भाषेत लोकांना विचारू लागल्या की तुम्हांला लोककथा येतात का. लोकांनी नम्रपणे नाही म्हणून सांगितले. शेजारच्या भागात कदाचित मिळतील, असेही सुचविले. हा अनुभव लोकसाहित्याच्या पेपरासाठी विद्यार्थ्यांना गावी पाठविणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही नवा वाटणार नाही. 'लोककथा' हा शब्द अभ्यासकाचा आहे, सांगणाऱ्याचा नाही. या अपयशाची एक काळी बाजूही आहे. आफ्रिकेतून आलेल्या अखेरच्या गुलामवाहू जहाजावरील कुजो लुइस या वृद्धाविषयी हर्स्टन यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेला लेख मोठ्या प्रमाणावर एमा लँग्डन रोश यांच्या जुन्या पुस्तकातून उचललेला होता, हे १९७२ मध्ये उघडकीस आले. पुढे त्याच वृद्धाला पुन्हा भेटून त्यांनी 'बराकून' हे स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते छापून येण्यास २०१८ साल उजाडले. वाङ्मयचौर्याचे समर्थन करता येत नाही. पण ज्यांच्याकडून आपल्याला काहीच मिळाले नाही त्यांच्याकडून मिळाल्याचे दाखवावे लागणे, ही नवशिक्या संशोधिकेची कोंडी त्यातून दिसते. पद्धत बदलल्यावाचून गत्यंतर नव्हते.

डिसेंबर १९२७ मध्ये शार्लट ऑसगुड मेसन या धनाढ्य वृद्धेशी त्यांचा करार झाला. दरमहा २०० डॉलर, एक मोटारगाडी आणि चलच्चित्रे घेण्याचा कॅमेरा मेसनबाईंनी द्यावयाचा. हर्स्टन यांनी दक्षिणेत फिरून कृष्णवर्णीयांचे संगीत, कथा, काव्य, हूडू नावाचे तंत्रमंत्र गोळा करावयाचे. जमलेली सामग्री मेसनबाईंच्या मालकीची राहावयाची आणि त्यांच्या अनुमतीवाचून ती कोणालाही दाखवावयाची नाही. आश्रयदात्री उदार होती यात शंका नाही. पण एका समाजाच्या ओठांवरची गाणी कायद्याने दुसऱ्याच कोणाच्या मालकीची होऊ शकतात, हा या करारातील विपर्यास पुढे प्रत्येक प्रयोगाच्या वेळी हर्स्टन यांच्या आड आला.

१९२८ च्या सुमारास फ्लोरिडातील पोल्क काउंटीत लॉमन येथील लाकूडतोड छावणीत त्या पोचल्या. या वेळी त्यांनी कोणाला काही विचारले नाही. चकचकीत मोटार आणि महागडा पोशाख पाहून मजुरांना त्या पोलिसांच्या हस्तक वाटल्या. तेव्हा आपण चोरटी दारू विकणारी असून पोलिसांना चुकवीत फिरत आहोत, अशी बतावणी त्यांनी केली. पोशाख साधा केला, जूकमध्ये, म्हणजे मजुरांच्या मद्यगृहवजा नाचघरात, त्यांच्याबरोबर गाऊ लागल्या आणि थापा मारण्याच्या चक्क बक्षिसी स्पर्धा लावल्या. बिग स्वीट नावाच्या दांडग्या बाईने त्यांना पाठीशी घातले. एका मत्सरग्रस्त स्त्रीने सुरा उपसला तेव्हा हीच बाई मधे पडली आणि हर्स्टन वाचल्या. त्यानंतर न्यू ऑर्लिअन्स येथे हूडू मांत्रिकांचे शिष्यत्व पत्करून त्यांनी दीक्षाविधी केले. १९२९ मध्ये बहामा बेटांवर जाऊन त्या अग्निनृत्य शिकल्या. बकऱ्याच्या कातड्याचा ढोल जाळापाशी धरून ताणून घ्यावयाचा आणि त्याच्या तालावर रिंगणात एकेकाने उतरावयाचे, असे हे नृत्य. हर्स्टन यांनी ते नोंदविले, पण त्याआधी त्या स्वतः त्या रिंगणात उतरल्या.

येथे त्यांची संशोधनपद्धती स्पष्ट होते. १९३९ मध्ये जॅक्सनव्हिल येथे हर्बर्ट हॅल्पर्ट यांनी त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली तेव्हा गाणी कशी मिळविलीत असे त्यांना विचारले. त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, त्या गर्दीत मिसळतात, जमेल तसे गाऊ लागतात, लोकांबरोबर गात गात एकेक कडवे पक्के करतात. मग ते गाणे त्या लोकांनाच म्हणून दाखवितात. आपल्यासारखेच म्हणता आले असा निर्वाळा त्यांनी दिला की मग ते दुसऱ्या वस्तीत नेऊन पुन्हा गातात. गाणे अशा रीतीने अंगात मुरले म्हणजेच ते संकलित झाले. नीट पाहिले तर येथे प्रयोग हीच पडताळणी आहे. टिपण बरोबर की चूक हे ठरविणारा परीक्षक विद्यापीठात नाही, तो छावणीत आहे, आणि संशोधिकेने गाऊन दाखविल्याखेरीज त्याला निर्णय देता येत नाही. ओवी वहीत उतरवून घेणारा आपल्याकडील अभ्यासक ती ओवी जात्यावर बसून परत म्हणून दाखवील तर काय होईल, असा विचार मनात येतोच.

न्यूयॉर्कला परतल्यावर या सामग्रीवर त्यांनी 'जर्नल ऑफ अमेरिकन फोकलोअर' या नियतकालिकात बहामातील नृत्यगीतांवर १९३० मध्ये आणि हूडूवर १९३१ मध्ये लेख लिहिले. लेख शास्त्रशुद्ध होते, पण त्यांचे समाधान झाले नाही. लँग्स्टन ह्यूज या कवीबरोबर ईटनव्हिलच्या एका कथेवरून 'म्यूल बोन' हे नाटक लिहावयास घेतले, ते श्रेयाच्या वादात मोडले. दोन मित्रांचे संबंध १९३१ च्या आरंभी कायमचे तुटले आणि ते नाटक रंगमंचावर येण्यास १९९१ साल उजाडले. या भांडणावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात येथे भर घालण्याचे कारण नाही.

महत्त्वाचा वाद वेगळाच होता, आणि तो संगीताचा होता. कृष्णवर्णीयांची 'स्पिरिच्युअल' नावाची भक्तिगीते तोवर युरोपीय धर्तीच्या सुसंवादी वृंदगायनात बसवून सभागृहांतून गायिली जात होती आणि तीच अस्सल मानली जात होती. हर्स्टन यांचे प्रतिपादन असे की, ही सभागृहातील गीते संगीतकारांच्या रचना आहेत. मूळ गायनात प्रत्येक जण आपापला स्वर धरतो, चढउतार आणि खडखडीतपणा हेच त्याचे वैभव असते, आणि एकच गीत दोनदा सारखे गायिले जात नाही. हे मत त्यांनी १९३४ मध्ये नॅन्सी क्युनार्ड यांनी संपादित केलेल्या बृहद्ग्रंथातील लेखात मांडले. पण लेखापूर्वीच ते सिद्ध करून दाखवावे अशी त्यांची जिद्द होती. वृंदगायनाचे संचालक हॉल जॉन्सन यांच्याकडे त्या आपले बहामी नर्तक घेऊन गेल्या. त्यांच्या गायकवृंदासह संयुक्त कार्यक्रम करावा असा बेत होता. तालमी रखडल्या, वृंदातील शहरी गायकांनी बेटांवरून आलेल्या नर्तकांची टवाळी केली, आणि हर्स्टन आपली माणसे घेऊन बाहेर पडल्या. कार्यक्रम स्वतःच करावयाचा असे ठरले. त्यांनी मोटार विकली, रेडिओ विकला, आणि मेसनबाईंकडून सुमारे सहाशे डॉलर कर्जाऊ घेतले.

रविवार, १० जानेवारी १९३२ रोजी न्यूयॉर्कच्या जॉन गोल्डन नाट्यगृहात 'द ग्रेट डे' हा कार्यक्रम झाला. त्याला कथानक नव्हते. फ्लोरिडातील लोहमार्ग बांधणाऱ्या मजुरांच्या छावणीतील एक दिवस, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतचा, एवढाच त्याचा आराखडा. पहाटे हाकाऱ्या झोपड्याझोपड्यांतून मजुरांना उठवितो. मग कामाची गाणी. लोहमार्ग सरळ करताना मजुरांची रांग रुळाखाली पहारी घालते, एक जण ओळ म्हणतो, आणि ठराविक मात्रेवर सर्वांनी एकदम जोर लावावयाचा असतो. गाण्यातील जो विराम छापील पानावर रिकामा दिसतो तो प्रत्यक्षात पहारीच्या झटक्याने भरलेला असतो. हर्स्टन यांना पानाचे वावडे का होते ते या एका उदाहरणावरून कळावे. दिवेलागणीला मुलांचे खेळ आणि थापा, त्यानंतर फिरत्या उपदेशकाचे प्रवचन. मध्यंतरानंतर जूकमधील नाच व ब्लूज गाणी. शेवटी मध्यरात्री ताडांच्या वनात बहामी मजुरांचे अग्निनृत्य. कार्यक्रमपत्रिकेसाठी ॲलन लॉक या तत्त्वज्ञ समीक्षकाने टिपण लिहिले होते.

लक्षणीय गोष्ट अशी की या रचनेत गाण्यांचे वर्गीकरण नाही, क्रम आहे. संग्राहक ग्रंथ सिद्ध करतो तेव्हा श्रमगीते एका प्रकरणात, बालगीते दुसऱ्यात, धर्मगीते तिसऱ्यात अशी विभागणी करतो. तीच आपलीही पद्धत आहे. हर्स्टन यांनी ती गाणी ज्या वेळी, ज्या जागी, ज्या कामाच्या वा विसाव्याच्या निमित्ताने म्हटली जातात त्या ठिकाणी परत ठेवली. सकाळी पहार हाणणारे हातच रात्री जूकमध्ये टाळ्या वाजवितात, हे प्रकरणवार ग्रंथातून कधीच दिसले नसते. दिवसाचा आराखडा हा येथे केवळ नाट्ययुक्ती नाही. लोकसाहित्य हे जगण्याच्या वेळापत्रकाला बांधलेले असते, असा तो एक सिद्धान्तच आहे.

या सिद्धान्तातील कच्चे दुवेही पाहावयास हवेत. बहामी नृत्य आणि फ्लोरिडातील छावणीची गाणी एकाच दिवसात ओवणे ही निवड होती. दक्षिण फ्लोरिडात बहामी मजूर मोठ्या संख्येने राबत होते, त्यामुळे ती असंभाव्य नव्हती. तरी ती संशोधिकेची रचना होती हे खरेच. न्यूयॉर्कमधील रंगमंचावर उत्स्फूर्तता दिसावी म्हणून आठवडेच्या आठवडे तालमी घ्याव्या लागल्या. अस्सलपणाचा दावा करणारी गोष्ट ठरवून बसविलेली होती, आणि हर्स्टन यांनी हा पेच कोठेही पूर्णपणे सोडविलेला दिसत नाही. मात्र हा पेच छापील संग्रहातही असतोच, फक्त तेथे तो दिसत नाही. संपादकाने गाळलेले, सावरलेले, जोडलेले पानावर मूक राहते. रंगमंचावर निदान प्रेक्षकाला ठाऊक असते की हे कोणीतरी बसविले आहे.

प्रेक्षक खूश झाले, वृत्तपत्रांतून बरे लिहून आले, पण एकही निर्माता पुढे आला नाही. प्रवेशशुल्काच्या उत्पन्नातून खर्च भागला नाही आणि मेसनबाईंचे कर्ज शिरावर राहिले. त्याच महिन्यात मेसनबाईंनी लेखी ठरवून दिले की यापुढे सामग्रीचा कोणता भाग रंगमंचावर वापरावयाचा आणि कोणता राखून ठेवावयाचा. २९ मार्च १९३२ रोजी न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च या संस्थेत पुन्हा एक प्रयोग झाला. सामाजिक संशोधनाच्या संस्थेत तो व्हावा हे मला अर्थपूर्ण वाटते, परंतु तेथूनही पुढे वाट निघाली नाही. बहामी नर्तकांना इतर कार्यक्रमांतून बोलावणी येऊ लागली; ज्यांनी नृत्य शोधून आणले त्यांचे नाव मात्र मागे पडले. अमेरिकी नृत्याच्या इतिहासातील हर्स्टन यांचे हे स्थान अँथिआ क्राउट यांच्या २००८ मधील ग्रंथाने सविस्तरपणे पुढे आणले.

वसंतात हर्स्टन ईटनव्हिलला परतल्या. जवळच विंटर पार्क येथे रॉलिन्स महाविद्यालय होते. तेथील रॉबर्ट वुन्श या अध्यापकाच्या साहाय्याने त्यांनी हाच कार्यक्रम 'फ्रॉम सन टू सन' या नावाने नव्याने बसविला. या वेळी कलावंत न्यूयॉर्कचे नव्हते. ईटनव्हिल आणि आसपासचीच माणसे होती. जानेवारी १९३३ मध्ये फर्न पार्क येथील एका छोट्या प्रायोगिक नाट्यगृहात आणि फेब्रुवारीत महाविद्यालयाच्या सभागृहात प्रयोग झाले. त्या सभागृहात कृष्णवर्णीय प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. हर्स्टन यांनी त्यांच्यासाठी जागा मिळविण्याचा प्रयत्न केला, तो फोल ठरला. ज्यांची गाणी त्यांनाच ती ऐकावयास बसता येऊ नये, आणि तरीही प्रयोग करावयाचा की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी प्रयोग केला. त्यांना दोष देणारे आहेत. छावणीतील परीक्षकाला गाणे म्हणून दाखविणारी संशोधिका येथे त्या परीक्षकाला रंगमंचावर उभे करते आणि प्रेक्षागृहात मात्र त्याला स्थान देऊ शकत नाही, हे त्यांच्या स्वतःच्या पद्धतीच्या विरोधात जाणारे होते. माझ्या मते या प्रयोगाची खरी उणीव येथे आहे, अस्सलपणाच्या वादात नाही.

याच वुन्श यांनी हर्स्टन यांची एक कथा 'स्टोरी' मासिकाकडे पाठविली. ती १९३३ मध्ये छापली जाताच लिपिंकट या प्रकाशनसंस्थेने कादंबरीची विचारणा केली. 'जोनाज गोर्ड व्हाइन' (१९३४) ही कादंबरी अशा रीतीने एका नाट्यप्रयोगाच्या अनुषंगाने जन्मली. तिच्यातील प्रदीर्घ प्रवचन हे १९२९ मध्ये फ्लोरिडातील ओ गॅली येथे ऐकून टिपलेले होते. पाठोपाठ 'म्यूल्स अँड मेन' निघाले. त्यात कथा सुट्या नाहीत. कोण कोणाला, कोठे बसून, कोणत्या कुरापतीवरून सांगतो हे संवादांसह येते. प्रकाशकाच्या आग्रहाखातर हे मधले संवाद घातले, असे म्हणून हर्स्टन यांनी बोआस यांची जणू क्षमाच मागितली होती. बोआस यांनी प्रस्तावना दिली आणि सांगण्याच्या या चौकटीचीच वाखाणणी केली. माझा तर्क असा की चौकट प्रकाशकामुळे आली असली तरी ती हर्स्टन यांच्या हाताशी तयार होती, ती 'द ग्रेट डे'ने दिलेली होती. रंगमंचावर एकदा उभी केलेली छावणी पुस्तकात मोडून कप्प्यांत भरणे त्यांना आता शक्य नव्हते.

१९३४ च्या नोव्हेंबरात शिकागो येथे 'सिंगिंग स्टील' या नावाने तोच कार्यक्रम झाला. तो पाहून रोझनवाल्ड निधीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. करण्यासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. नाट्यप्रयोगावरून संशोधनशिष्यवृत्ती मिळावी हा दुर्मीळ योग. पण अभ्यासक्रमाच्या आखणीवरून मतभेद झाले, दोन वर्षांसाठी बोललेले ३००० डॉलर घटून ७०० वर आले, आणि हर्स्टन यांनी वर्गात जाणे सोडले. पदवी राहिली ती राहिलीच. १९३५ च्या उन्हाळ्यात ॲलन लोमॅक्स व मेरी एलिझाबेथ बार्निकल यांच्यासह त्या ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन जॉर्जिया-फ्लोरिडात हिंडल्या. गोऱ्यांनी काळ्यांच्या वस्तीत राहणे स्थानिक गोऱ्यांना खपणार नाही म्हणून त्या दोघांना चेहरे काळे करून घेण्याची सूचना हर्स्टन यांनी केली, आणि त्यांनी ती पाळली. गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टर उडविण्याची 'मिन्स्ट्रेल' परंपरा ज्या देशात शंभर वर्षे चालली, तेथे संशोधनासाठी हे व्हावे!

या परंपरेची सावली हर्स्टन यांच्यावर सतत पडत राहिली. १९३७ मध्ये रिचर्ड राइट यांनी त्यांच्या कादंबरीवर ठेवलेला आक्षेप हाच होता की, गोऱ्यांना हसविणारे मिन्स्ट्रेल रंजनच त्या पुढे चालवीत आहेत. रॉलिन्सचे प्रेक्षागृह आठवले तर हा आक्षेप अगदीच अस्थानी म्हणता येत नाही. परंतु विनोद दिसला की तेथे लाचारी पाहावयाची, ही राइट यांची दृष्टीही प्रेक्षकाच्या जागेवरूनच पाहणारी होती. क्लार्कच्या ओट्यावर कोणी गोऱ्यांसाठी हसत नव्हते.

पुढील वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात आटोपता येतो. संघराज्याच्या नाट्ययोजनेत काही महिने. गुगनहाइम शिष्यवृत्तीवर जमैका व हैती. फ्लोरिडाच्या लेखकयोजनेत १९३८-३९, आणि त्या निमित्ताने ऑर्लँडो येथे पुन्हा एकदा अग्निनृत्य. १९३९ च्या शरदात डरहॅम येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात नाट्यविभाग उभारण्यासाठी त्यांची नेमणूक झाली, पण अध्यक्षांशी पटले नाही आणि मार्च १९४० मध्ये एकही नाटक न बसविता त्यांनी राजीनामा दिला. १९४४ मध्ये डोरोथी वेअरिंग यांच्यासह त्यांनी 'पोल्क काउंटी' हे नाटक लिहिले. लॉमनची छावणी, बिग स्वीट, ती गाणी, सर्व त्यात पुन्हा आले. ब्रॉडवेवर ते पोचले नाही.

१९५० मध्ये त्या मायामी येथे एका घरी मोलकरणीचे काम करताना आढळल्या. २८ जानेवारी १९६० रोजी फोर्ट पिअर्स येथील सरकारी कल्याणगृहात त्यांचे निधन झाले. दफनासाठी वर्गणी काढावी लागली आणि थडग्यावर खूण राहिली नाही. सामान जाळून टाकण्यात येत होते तेव्हा ओळखीच्या एका पोलीस अधिकाऱ्याने आग विझवून कागदपत्रे वाचविली. ॲलिस वॉकर यांनी १९७३ मध्ये ती जागा शोधून शिळा बसविली. तीवर जन्मवर्ष १९०१ असे कोरलेले आहे. बाल्टिमोरच्या शाळेत घेतलेले सोंग असे दगडावरही उतरले. रॉबर्ट हेमेनवे यांचे चरित्र १९७७ मध्ये आले आणि विद्यापीठांची दारे त्यांच्या ग्रंथांना उघडली.

नाटकांचे तसे झाले नव्हते. स्वामित्वहक्काच्या नोंदणीसाठी १९२५ ते १९४४ या काळात धाडलेली त्यांच्या दहा नाटकांची टंकलिखिते १९९७ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. 'पोल्क काउंटी' २००२ मध्ये त्याच शहरातील अरीना स्टेज येथे रंगमंचावर आले. त्याच ग्रंथालयात जॅक्सनव्हिलची १९३९ ची ध्वनिमुद्रणेही आहेत. त्यांत हर्स्टन लोहमार्गावरचे गाणे म्हणतात, मधेच थांबून पहार कोठे पडते ते समजावतात, आणि पुन्हा गाऊ लागतात.